माशी आणि लाल ठिपका

चांदमारीच्या दिवशी वैजिनाथप्पा उस्तादांच्या खिशात कापराची पुडी असायची. ती देवासाठी नसे, पिस्तुलासाठी असे. पिस्तुलाच्या नळीच्या टोकाला, वरच्या अंगाला, नखाएवढा लोखंडी उंचवटा असतो. त्याला माशी म्हणतात. मागच्या बाजूला एक खाच असते. खाचेच्या बरोबर मध्ये माशी आणायची, माशीच्या डोक्यावर निशाण ठेवायचं, की नेम झाला. वापरून वापरून माशी घासते, उन्हात चकाकते, आणि मग तिची कड डोळ्याला सापडत नाही. उस्ताद पत्र्याच्या झाकणात कापूर पेटवायचे आणि रिकामं करून दोनदा तपासलेलं एकेक पिस्तूल त्या काळ्या धुरावर धरायचे.

"बिदरीच्या सुरईवानी काळी व्हायला पायजे," ते म्हणायचे. "चमकली की समज, फसवायली."

बीदरजवळ, नौबादच्या पुढं लाल दगडाची एक सोडून दिलेली खाण आहे. तिथं आमच्या पोलीस तुकडीची चांदमारी, म्हणजे गोळीबाराच्या सरावाची जागा होती. पंचवीसेक वर्षांपूर्वी मी तिथं पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा नवा सब-इन्स्पेक्टर होतो. औराद तालुक्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा, नांगराची मूठ धरलेला, पिस्तुलाची नाही. उस्ताद हेड कॉन्स्टेबल होते. हुद्द्यानं मी पहिल्या दिवसापासून त्यांचा साहेब आणि ते पहिल्या दिवसापासून माझे गुरू. हा गुंता त्यांनीच सोडवला. चारचौघांत 'सायेब', दोघंच असलो की 'माधवा'.

त्यांचे हुकूम हिंदीत असत, शिव्या मराठीत आणि शाबासकी कानडीत. 'छलो अद', म्हणजे 'चांगलं आहे', एवढे दोन शब्द ऐकायला माणसं महिना-महिना थांबायची. माझं कानडी त्यामुळंच उशिरा सुधारलं असं शस्त्रांच्या कोठारातला गफूरभाई म्हणायचा.

बुटका माणूस, पोट जरा सुटलेलं, डावा खांदा उजव्यापेक्षा किंचित खाली. टोपी मात्र कधी तिरकी नाही. टारगेटवरची भोकं बुजवायला जी खळ लागते ती सरकारी गोंदाची ते घेत नसत. घरून ज्वारीच्या पिठाची करून आणायचे, डब्यात, कडबोळ्यांच्या शेजारी. टारगेटच्या चौकटीला तरट शिवायचं कामही स्वतःकडेच. सुई आभाळाकडं धरून एका दमात दोरा ओवायचे आणि आम्हा पोरांकडं असं बघायचे की जणू पदक मिळालंय.

पहिल्या दिवशी मी दहा गोळ्या मारल्या. टारगेटला एकच लागली, तीही कोपऱ्यात.

"काय बघत होतास?" त्यांनी विचारलं.

"टारगेट."

"ते कामून? ते कुठं पळून जायलंय का? मी सोता खिळे मारून ठोकलोय त्येला. पळायली ती तुझी माशी. तिला बघ की."

मग त्यांनी मला भिंतीकडं तोंड करून उभं केलं. हातात रिकामं पिस्तूल, आणि त्याच्या टोकावर गोळीची रिकामी पुंगळी उभी ठेवलेली. पुंगळी न पडता चाप ओढायचा. सतरा दिवस मी पांढऱ्या भिंतीवर नेम धरला. माझ्या बरोबरीचे एव्हाना धडाधड फायर करत होते आणि मी सुगीत बुजगावणं उभं असावं तसा. अठराव्या दिवशी पुंगळी पडली नाही. ते मागून आले, पुंगळी उचलली, तिच्यात फुंकर घातली आणि म्हणाले, "आता बोटाला कळंना झालंय की आत गोळी हाय का न्हाई. छलो अद."

त्यांची सगळी विद्या एका वाक्यात होती आणि ते वाक्य ते रोज म्हणायचे. "तीन वस्तू हायत बघा. खाच, माशी, निशाण. डोळ्याला एका टायमाला एकच नीट दिसतंय. मधलं बघा. पुढचं धुरकट दिसू द्या, मागचं धुरकट दिसू द्या."

हे त्यांना कुठं सापडलं ते मला एका सकाळी कळलं. चांदमारीला न्यायला म्हणून त्यांच्या क्वार्टरवर गेलो होतो. दार उघडं होतं. ते पाटावर बसले होते, अंगावर भस्म, डाव्या तळहातावर इष्टलिंग. त्यांच्या घरात लहानपणापासून प्रत्येकाच्या गळ्यात ते असतं आणि रोज सकाळी ते हातावर घेऊन बघत बसायचं असतं. लिंग काळंभोर, गुळगुळीत. मागं समई. ते पापणीही न हलवता बघत होते. मी उंबऱ्याबाहेर थांबलो. त्यांच्या बायकोनं खुणेनंच बस म्हटलं.

वाटेत जीपमध्ये ते स्वतःहून म्हणाले, "समईची ज्योत लिंगात दिसती, माधवा. मोहरीएवढी. ती हलली न्हाई म्हंजे मी हललो न्हाई. मग चांदमारीवर काय अवघड हाय?"

मी नंतर इकडं-तिकडं बदलून गेलो, आणि सहा-सात वर्षांपूर्वी परत बीदरला आलो तो सरावाचा प्रमुख म्हणून. उस्ताद तिथंच होते. केस पांढरे झाले होते, निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं. तरट शिवायला आता ते एका पोरीला बसवायचे. ते माझ्या डोळ्यांनी बघितलं, पण मनात नोंदलं नाही.

त्याच सुमारास आमच्याकडं थोडी नवी पिस्तुलं आली. त्यांच्या पाठीवर आगपेटीपेक्षा लहान काचेची खिडकी बसवलेली. त्या काचेत एक लाल ठिपका दिसतो, बॅटरीवर चालणारा. खाच नको, माशी नको. दोन्ही डोळे उघडे ठेवायचे, समोर निशाणाकडंच बघायचं, ठिपका निशाणावर आला की चाप ओढायचा. मी त्याचं पंधरा दिवसांचं शिक्षण बेंगळूरला घेऊन आलो होतो आणि नव्या धर्मात गेलेल्या माणसासारखा बोलत होतो.

त्या वेळी उस्तादांकडं बारा महिला कॉन्स्टेबलांची तुकडी होती. त्यातली रेणुका नावाची मुलगी चिंचोळीकडची; तीन आठवडे तिच्या गोळ्या मातीत जात होत्या. मी तिच्या हातात रेड डॉटवालं पिस्तूल दिलं. दहापैकी सात मध्यभागी. बाकीच्याही त्याच सकाळी सुधारल्या. मी उस्तादांकडं बघितलं. खरं सांगायचं तर ते चिडावेत अशी माझी इच्छा होती. म्हातारा हट्टी निघाला असता तर मला बरं वाटलं असतं.

ते म्हणाले, "चांगलंय की. पोरींचा घाम वाचला."

आणि तिथंच थांबले नाहीत. चार-पाच दिवस ते त्या पिस्तुलाच्या मागं लागले. कोण कसं उचलतंय, कुणाचा ठिपका कुठं हरवतोय, बघत राहिले. नवशिक्यांना ठिपका थरथरताना दिसतो आणि ते घाबरतात. उस्ताद खूश झाले. "लई बेस. आता हाताची चोरी लपत न्हाई." मग त्यांनी आणखी एक गोष्ट हेरली, जी मला बेंगळूरलाही कुणी सांगितली नव्हती. पिस्तूल उचलल्यावर नवं माणूस काचेत ठिपका शोधत बसतं, नळी वर-खाली करतं. जुन्या माणसाला तो आपोआप सापडतो, कारण त्याचं मनगट आधीच खाचेत माशी आणून ठेवायला शिकलेलं असतं.

"माशी शिकल्याला ठिपका सापडतोय," ते म्हणाले. "ठिपका शिकल्याला माशी सापडत न्हाई. म्हनून सायेब, रोज शेवटच्या दहा गोळ्या ठिपका बंद करून मारू द्या पोरींना. काचेतून खालची माशी दिसतीच की. बॅटरी काय सांगून मरती का?"

मी हो म्हटलं.

एक दिवस सगळ्यांनी आग्रह केला की उस्तादांनीही ठिपक्यावर मारावं. त्यांनी पिस्तूल उचललं, बघितलं, खाली आणलं, पुन्हा उचललं.

"ठिपका म्हनताव तुम्ही ह्येला? हे तर फुटलेलं टमाटं हाय."

पोरी खिदळल्या. गफूरभाई ओरडला, "उस्ताद, आँख में टमाटे उग रैं क्या?" उस्तादही हसले. मी हसलो नाही, कारण बेंगळूरला हे नेमकं शिकवलं होतं: ठिपका गोल न दिसता फुटलेला, पसरलेला दिसला तर दोष काचेत नसतो, डोळ्यात असतो.

जेवणाच्या सुट्टीत त्यांना बाजूला घेतलं. खाणीच्या कडेला लिंबाखाली बसलो. ते बराच वेळ कडबोळं हातात फिरवत राहिले.

"दिवाळीपासनं व्हायलंय, माधवा. लिंगातली ज्योत एक न्हाई दिसत. तीन दिसायलीत. कवा कवा चार. माशी तर कवाचीच धुरकटली. हाताच्या सवयीनं मारायलोय."

"डॉक्टरला दाखवलं का?"

"दाखवलं की कागद व्हतोय. कागद झाला की चांदमारी सुटती. आठ महिने ऱ्हायलेत रे. हितनंच रिटायर होऊ दे मला. मग काय करायचं ते करू. कुणाला बोलू नगंस."

"नाही बोलणार," मी म्हणालो. तेव्हा ते खरंच होतं.

पुढच्या महिन्यात कलबुर्गीला विभागीय स्पर्धा होती. वरून गोळ्या कमी मिळाल्या, आणि स्पर्धेत मोजतात ते गुण ठिपक्यावरचे. मी ठिपका बंद करून मारायच्या त्या दहा गोळ्या बंद केल्या. उस्तादांना आधी सांगितलं नाही. थेट तुकडीसमोर जाहीर केलं. ते रांगेच्या टोकाला उभे होते. तिथूनच म्हणाले, "सायेब, हे चूक करायलाव."

"उस्ताद, नंतर बोलू."

"नंतर न्हाई. ह्या पोरी उद्या कुणाचं तरी रक्षन करायला उभ्या ऱ्हानार. तुमचे गुन कुठं घेऊन जायचे तवा? ठिपका विझला तर ह्यांनी काय शिट्टी वाजवावी का?"

पोरींपैकी कुणीतरी हसलं. इतकी वर्षं चारचौघांत 'सायेब' म्हणून मान ठेवणारा माणूस पहिल्यांदाच चारचौघांत मला बोलला होता, आणि बोलला ते बरोबर होतं. दोन्ही गोष्टी मला झोंबल्या. कुठली जास्त, हे मी आजही प्रामाणिकपणे सांगू शकत नाही.

त्याच दुपारी मी कचेरीत बसून एक पानाचा अहवाल लिहिला. शिक्षकाची नजर दोषयुक्त आहे, माशी धुरकट दिसते, दिव्याची एक ज्योत तीन दिसते असे त्यांनी स्वतः सांगितले आहे, सबब गोळीबाराच्या जागी त्यांना ठेवणे धोक्याचे आहे. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. बरीच वर्षं मी याच वाक्याच्या आडोशाला उभा होतो. नियमानं तो अहवाल लिहायलाच हवा होता असं कुणीही म्हणेल. पण मी तो नियमासाठी लिहिला नव्हता. नियमासाठी लिहायचा असता तर लिंबाखालून उठल्या उठल्या लिहिला असता. महिनाभर थांबून, रागाच्या दुपारी नाही. आणि मला त्यांची काळजी असती तर मी त्यांना जीपमध्ये घालून डोळ्याच्या डॉक्टरकडं नेलं असतं. मी वरच्या साहेबांकडं कागद नेला.

वरचे साहेब भले गृहस्थ होते. "इतकी वर्षं केली नोकरी त्यांनी," ते म्हणाले. "कशाला आता तपासणी, मेडिकल बोर्ड? बसवा टपालात." अशा रीतीनं भलेपणा झाला आणि डोळे तपासायचे राहूनच गेले.

उस्तादांनी हुकूम वाचायला गफूरभाईकडं दिला. गफूरभाईनं मोठ्यानं वाचला. सबंध. अहवालातल्या ओळी त्यात जशाच्या तशा उतरल्या होत्या. ज्योतीच्या ओळीपाशी उस्तादांनी एकदाच मान वर केली आणि माझ्याकडं बघितलं, की माझ्या दिशेला बघितलं, कोण जाणे. मग त्यांनी कोठाराच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या. खिशातून वहीचं एक पान काढून माझ्या हातात दिलं. त्यावर मोठमोठ्या वेड्यावाकड्या अक्षरांत बारा नावं, आणि प्रत्येकीपुढं एक-एक ओळ. रेणुका, चाप झटकती. सावित्री, श्वास लवकर सोडती. शकुंतला, रडती पण खांदा पक्का.

"बघा सायेब तेवढं," म्हणाले, सॅल्यूट केला आणि गेले. ते पान मी खणात ठेवलं.

स्पर्धेत रेणुकाची पाळी आली तेव्हा तिच्या पिस्तुलातला ठिपका विझला. बॅटरी संपली की सैल झाली, नंतर कळलंच नाही. वेळ सुरू होती. ती पिस्तूल उचलून काचेत ठिपका शोधत राहिली, खाली-वर, खाली-वर, आणि शिट्टी झाली. एकही गोळी सुटली नव्हती. कुणाचा जीव गेला नाही, चार माणसं हसली एवढंच. परतताना बसमध्ये ती माझ्या पुढच्या बाकावर होती. मागं न वळता म्हणाली, "सर, माशी दिसायली होती. तिचं काय करायचं तेच आठवंना."

उस्ताद टपालाच्या खोलीतून निवृत्त झाले. निरोप समारंभाला मी बाहेरगावचं काम काढलं.

गफूरभाईकडून तुटक बातम्या यायच्या. अप्पांची, म्हणजे उस्तादांची, बायको गेली. अप्पा अफजलपूरला लेकीकडं राहायला गेले. डोळ्यांचं ऑपरेशन झालं, पण डॉक्टर म्हणाले की मोतीबिंदूच्या मागं काचबिंदू होता, उशीर झाला, जी नजर गेली ती परत यायची नाही. वर्ष-दीड वर्ष आधी आला असतात तर थोपवता आली असती. गफूरभाईनं हे मला सहज सांगितलं. हिशेब मी एकट्यानं केला.

जायला मला आणखी दोन वर्षं लागली. दरम्यान माझीही पन्नाशी आली आणि मलाही माशी धुरकट दिसू लागली. मी मुकाट रेड डॉट वापरू लागलो. वय झालेल्या डोळ्याला तो वरदान आहे, हे खरंच आहे. लांबचं नीट दिसतं, ठिपका आपोआप त्यावर येतो. एका सकाळी असा गोल, स्वच्छ ठिपका बघता बघता मी पिस्तूल खाली ठेवलं आणि रजेचा अर्ज लिहिला.

अफजलपूरला लेकीचं घर उसाच्या कडेला. उस्ताद ओट्यावर बसले होते, हातात शेंगांचं सूप, सोलणं चाललं होतं. बारीक झाले होते. मी "अण्णा" म्हटलं. जन्मात पहिल्यांदा, त्याआधी कायम उस्ताद.

"माधवा का रे?" ते म्हणाले. "आवाजाला पोट सुटलंय तुझ्या."

लेकीनं चहा आणला. ते उसाचं पाणी, भीमेचा पूर, जावयाचा नवा ट्रॅक्टर असलं बोलत राहिले. मी तीन वेळा सुरुवात केली आणि तीनदा त्यांनी शेंगा पुढं केल्या. शेवटी मी मान खाली घालून बोलून टाकलं. अहवाल मी लिहिला. तुम्ही चारचौघांत बोललात म्हणून लिहिला. डोळ्यांना उशीर झाला तो माझ्यामुळं.

ते शेंग सोलत होते ती त्यांनी पूर्ण सोलली.

"मला म्हाईत हाय की. ज्योतीचं मी बायकोला सुदिक बोललो नव्हतो. तुलाच बोललो होतो."

"मग इतक्या वर्षांत एकदा तरी..."

"काय करू, तुला शिव्या देऊ? डोळ्याचं माझं मी बघितलं असतं तर झालं असतं. मीच भ्यालो." त्यांनी टरफलं झटकली. "मला घालवलास, त्येचं काय न्हाई. पन त्या पोरींच्या धा गोळ्या घालवलास. बारा जणी होत्या. अर्ध्यात सुटल्या माझ्या हातनं. त्येचं हाय मला. काय झालं रे त्यांचं?"

मी सांगू लागलो. रेणुका गनमन ड्यूटीवर आहे. सावित्रीची बदली झाली. पुढं माझी गाडी अडली. बाकीच्या दहा जणींचं मला काहीच माहीत नव्हतं. पिस्तूल हातात धरून कुठं उभ्या असतील त्या, ठिपका विझला तर काय करतील, मी कधी विचारलंही नव्हतं. ते वाट बघत राहिले. मग म्हणाले, "बरं, ऱ्हाऊ दे."

माफ केलं असं ते म्हणाले नाहीत. मीही माफी मागितली नाही. मागण्यासारखं काही उरलंय असं वाटलं नाही. परत आल्यावर मी त्या बाराजणींना शोधायला लागलो. आठ सापडल्या. आठही जणींकडून, त्यांच्या-त्यांच्या ठिकाणी, ठिपका बंद करून दहा-दहा गोळ्या मारून घेतल्या. नवव्या मुलीचा पत्ता लागला त्या आठवड्यात गफूरभाईचा फोन आला की अप्पा गेले. त्यांना ते सांगायचं राहिलं.

मला आता त्यांची आठवण येते ती अफजलपूरच्या बसस्टँडवरची. त्या भेटीच्या दिवशी त्यांनी हट्टानं मला पोचवायला यायचं ठरवलं. काठी घेतली नाही. माझ्या खांद्यावर हातही ठेवला नाही, फक्त माझ्या चपलांच्या आवाजामागून अर्ध्या पावलानं चालत राहिले. स्टँडवर दोन गाड्या शेजारी-शेजारी उभ्या होत्या, एक कलबुर्गीची, एक सोलापूरची. मी कलबुर्गीच्या गाडीत चढलो, खिडकीपाशी बसलो. मध्ये उसाच्या मोळ्या घेतलेली माणसं आली-गेली, ते जरा सरकले, वळले. कंडक्टरनं घंटी मारली.

त्यांनी टाचा जुळवल्या. डावा खांदा किंचित खाली, मान ताठ. उजवा हात कपाळाशी नेला आणि कडक सॅल्यूट केला, शेजारच्या सोलापूरच्या गाडीला.

त्या गाडीच्या खिडकीत एक म्हातारी बसली होती. तिनं आधी मागं वळून पाहिलं, आपल्या मागं कोणी आहे का ते. मग पदर सावरला आणि दोन्ही हात जोडले. मी उठून उभा राहिलो. हाक मारणारच होतो. पण हाक मारली असती तर ते कुणाकडं बघत होते ते त्यांना कळलं असतं. मी तिथंच, हलत्या गाडीत, सीटची दांडी धरून, टाचा जुळवून उभा राहिलो. गाडी स्टँडाबाहेर वळेपर्यंत त्यांचा हात खाली आला नव्हता.